आत बोलावलं कुणी?

पोलिसांची बाजू मांडायला उभं राहायचं तर लोकांच्या शिव्या खायची तयारी ठेवा, असं गेथिननं लाउरी प्रॉसरला सुरुवातीलाच बजावलं होतं. गेथिन म्हणजे कार्डिफमधल्या तिच्या चेंबरचा, बॅरिस्टरांच्या कचेरीचा, मुख्य कारकून. कुठल्या बॅरिस्टरनं कुठली केस लढायची ते हा बाबा ठरवणार आणि वर "मिस, मिस" करत आदब दाखवणार. इस्पितळ, मनाचा आजार आणि पोलीस यांच्या कचाट्यात कुणी सापडलं की ती केस लाउरीच्या टेबलावर यायची. गेल्या महिन्यात ती एका रोग्याच्या बहिणीकडून इस्पितळाशी भांडली होती, आता पोलिसांकडून होती. "टॅक्सीवाल्यानं गिऱ्हाईक निवडायचं नसतं, मिस," हे गेथिनचं ठरलेलं वाक्य, आणि बॅरिस्टरांचा नियमही तोच.

पण शिव्या कुठल्या! ग्लेनिस प्रॉबर्टनं तिला केक दिला.

कोरोनर, म्हणजे कुणाचा मृत्यू कसा झाला याची चौकशी करणारा न्यायाधीश, अजून यायचा होता. सगळे बाहेरच्या पॅसेजमध्ये खोळंबले होते. चौकशी ग्लेनिसच्या मुलाच्या मृत्यूची होती. एलेड त्याचं नाव. त्याला कुणीतरी कानात बोलतंय असं वाटायचं, आणि त्या संध्याकाळी ते बोलणं थांबेचना. ग्लेनिसनं घाबरून पोलिसांना फोन केला. कॉन्स्टेबल आला, बोलला, निघून गेला. ती स्वयंपाकघरात चहा ओतत होती तेवढ्यात एलेड मागच्या दारानं बाहेर पडला. सकाळी तो धरणाखाली सापडला.

ग्लेनिसला वकील नव्हता. अशा चौकशीत पोलिसांना वकील, इस्पितळाला वकील, आणि जिचं पोर गेलं तिनं आपले प्रश्न आपणच विचारायचे. हा कसला न्याय, असं लाउरी मैत्रिणींना तावातावानं सांगायची. सांगायला काय जातंय!

"घे गं पोरी, तव्यावरचे आहेत, सकाळीच केलेत," ग्लेनिस डबा पुढे करत म्हणाली. "काही खाल्लं नाहीयेस ना? तोंड बघ कसं सुकलंय."

"मिसेस प्रॉबर्ट, मी पोलिसांची वकील आहे."

"म्हणून काय उपाशी राहायचं? आमच्या शाळेत मी जेवण वाढायचे. मारामाऱ्या करणाऱ्या दोन्ही पोरांना वाढायचे."

लाउरीनं केक घेतला. ग्लेनिस तिच्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "एक विचारू? त्या पोलिसाला काही प्रश्न विचारायचेत. ते कोरोनर साहेब चिडतील का गं? एलेड तेव्हा मोज्यांवर होता, बूट नव्हते पायात. मोजे चिंब भिजले होते, पोलिसांची गाडी आली तेव्हा तो रस्त्यावरच होता ना. मग तो पोलीस म्हणाला, बाई, त्याला आत बोलवा. मी बोलावलं. हे विचारू का, की उगाच फालतू वाटेल?"

लाउरी चावायची थांबली.

कायदा असा आहे. माणूस रस्त्यावर असेल आणि त्याच्या मनाची अवस्था जिवावर बेतण्यासारखी असेल, तर पोलिसाला त्याला उचलून सुरक्षित जागी, डॉक्टरांपुढे नेता येतं. तोच माणूस स्वतःच्या घरात असेल तर नाही. एक पाऊल आत गेलं की पोलिसाचे हात बांधलेले. कॉन्स्टेबल पार्फिटच्या जबाबात लिहिलं होतं, 'मी त्याच्याशी बैठकीच्या खोलीत बोललो.' त्यात खोटं काही नव्हतं. त्याआधी तो कुठे होता, हे लाउरीनं पार्फिटला विचारलं नव्हतं. मुद्दाम विचारलं नव्हतं. उत्तर एकदा कानावर पडलं की त्याच्या उलट बोलता येत नाही. म्हणून या धंद्यातली हुशार माणसं काही प्रश्न विचारतच नाहीत, आणि लाउरी हुशार होती.

आणि इथे ही बाई तिच्या हातात केक देऊन तोच प्रश्न तिच्यापुढे ठेवत होती.

लाउरीनं म्हणायला हवं होतं, 'मी तुम्हाला सल्ला देऊ शकत नाही, कोरोनरना विचारा.' नियम अगदी साधा आहे, पहिल्या वर्षाच्या पोराला पाठ असतो. पण ती म्हणाली, आणि किती मायेनं म्हणाली, "तुम्हाला वाटलं तर विचारा हो. पण बारीकसारीक गोष्टींत शिरलं की ज्युरीचं लक्ष उडतं. शेवटी तो काय बोलला, ते विचारा. तुम्हाला तेच हवंय ना?"

"हो गं," ग्लेनिसचे डोळे भरून आले. "तेच हवंय. देव तुझं भलं करो."

मग पार्फिट साक्षीला उभा राहिला. बैठकीच्या खोलीत बोललो, घरातून नेण्याचा अधिकार नव्हता, वाईट वाटतं. ग्लेनिस उठली. हातात प्रश्न लिहिलेला कागद होता. "माझा एलेड तुमच्याशी काय बोलला हो?"

"बाहेर गाडीत आणखी कोण आहे, असं विचारलं. मी म्हटलं, कुणी नाही."

"बरं," ग्लेनिस म्हणाली आणि खाली बसली. झालं. तेवढंच.

मधल्या सुट्टीत पार्फिट लाउरीजवळ आला. धिप्पाड गडी, पण कपाळावर घाम. "मॅडम, उपकार झाले तुमचे. सकाळी तुम्हाला तिच्याशी बोलताना बघितलं मी. मला वाटलं, आता मेलो. कसं जमवता हो तुम्ही?"

"मी काही जमवलं नाही," लाउरी फटकन म्हणाली.

"नाही नाही, तसंच म्हणायचं," पार्फिट म्हणाला आणि त्यानं चक्क डोळा मिचकावला.

लाज वाटली तिला. अशी लाज, की पॅसेजमधल्या खुर्च्यांकडेही बघवेना. ती स्वतःला समजावत राहिली की मी खोटं बोलले नाही, विचारू नका असंही म्हटलं नाही. वकिलाचं डोकं अशा वेळी फार कामाला येतं. मेलं दुसऱ्याला फसवायला शिकलेलं डोकं, स्वतःलाही बेमालूम फसवतं.

सुट्टीनंतर कोरोनर हार्टनल यांनी ज्युरीला कायदा समजावून सांगितला. सावकाश, शाळामास्तरासारखा. रस्त्यावर अधिकार आहे, घरात नाही. एलेड घरात होता, हे ध्यानात ठेवा. मग पाच मिनिटं थांबून ज्युरीला निकालाचा विचार करायला पाठवायचं ठरलं.

ग्लेनिस पॅसेजमध्ये आली ती भिंतीला धरत. लाउरीला बघून तिनं तिचा हात घट्ट पकडला.

"ऐकलंस ना गं? रस्त्यावरच राहिला असता तर नेलं असतं त्याला. डॉक्टरनं बघितलं असतं." तिला धाप लागली होती. "आणि मी हाक मारली. तो पोलीस बिचारा थंडी आहे म्हणून म्हणाला असेल, त्याला काय माहीत माझा मुलगा कसा आहे. पण हाक माझी होती. माझ्या हाकेला तो लहानपणापासून धावत यायचा, तसाच आला. मीच आत बोलावलं त्याला, पोरी. मीच मारलं."

"नाही, मिसेस प्रॉबर्ट, तसं नाही..."

"मग कसं?"

आपल्याच पक्षकाराविरुद्ध, पोलिसांविरुद्ध बोलायची लाउरीला मुभा नव्हती. स्वतःचं पाप सांगायला मात्र कुणाच्या परवानगीची गरज नव्हती.

आत सगळे बसल्यावर ती उठली. "सर, ज्युरीला पाठवण्यापूर्वी मला काही सांगायचंय. आज सकाळी मिसेस प्रॉबर्ट यांनी मला एक प्रश्न दाखवला. तो महत्त्वाचा होता. त्या तो सोडून देतील अशा रीतीनं मी बोलले. मला तो अधिकार नव्हता. त्यांना तो प्रश्न विचारू द्यावा."

मागून पोलीस खात्याचा सॉलिसिटर कुजबुजला, "बसा खाली! वेड लागलंय का तुम्हाला?" हार्टनल यांनी चष्मा काढला आणि तिच्याकडे बघितलं. "तुमच्याबद्दल नंतर बोलू, मिस प्रॉसर," ते म्हणाले, आणि त्यांनी पार्फिटला परत बोलावलं. शपथेची आठवण करून दिली.

ग्लेनिस उठली. या खेपेला हातात कागद नव्हता.

"तुम्ही आलात तेव्हा तो रस्त्यावर होता. मला त्याला आत बोलवायला का सांगितलंत?"

पार्फिटनं लाउरीकडे बघितलं. लाउरीनं मान खाली घातली नाही, पण तिच्याकडून त्याला काही मिळालंही नाही.

"बाहेर राहिला असता तर मला त्याला न्यावं लागलं असतं," तो शेवटी म्हणाला. "मग डॉक्टर मोकळा होईपर्यंत इस्पितळात बसून राहावं लागतं. कधी कधी सकाळ होते. माझी ड्यूटी संपत आली होती."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. आत आला की नेता येणार नाही, ते."

"हो, बाई."

ग्लेनिसनं डोळे मिटून एक लांब श्वास सोडला. ज्युरीतली एक बाई रडायला लागली.

ज्युरी आत गेल्यावर लाउरी कागद गोळा करत होती. गेथिनला काय सांगायचं, आपली सनद राहणार की जाणार, हे सगळं डोक्यात होतं, आणि तरी कुठेतरी थोडं हलकंही वाटत होतं. ग्लेनिस येऊन तिच्यासमोर उभी राहिली. आता ही हात धरेल, असं लाउरीला वाटलं. खरं सांगायचं तर तिला ते हवं होतं.

"मघाशी मी तुझ्यासमोर म्हणत होते, मीच मारलं म्हणून," ग्लेनिस म्हणाली. "सकाळी केक खाल्लास, तेव्हाच तुला माहीत होतं ना, की मी नाही?"

"हो," लाउरी म्हणाली.

ग्लेनिसनं मान हलवली आणि ती पॅसेजमध्ये जाऊन एकटीच ज्युरीची वाट बघत बसली.