बिनमोडाचे जव

"बाबा, आपल्या स्टाउटमध्ये काळे जव घालता, ते मोड आणलेले की बिनमोडाचे?"

मिरनने भर सभागृहात विचारलं आणि मागच्या बाकावर तिच्या वर्गातली डर्वला मैत्रिणींसकट खोकण्याचं नाटक करत खाली वाकली. पैज तिचीच होती. "विचारलंस तर खरी! नाहीतर गप बस आणि बाटल्याच धू."

कारण पाचच मिनिटांपूर्वी बाबा, म्हणजे डोनका हिकी, गावच्या मेळ्यात घरगुती काळ्या बिअरसाठी मिळालेला पहिल्या बक्षिसाचा कप छातीशी धरून माईकवर म्हणाले होते, "सगळी हाताची कला. पोरीचीही मदत होते हं, बाटल्या छान धुते."

बाटल्या धुते!

मिरनच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. मार्चपासून कोण राबत होतं? हातगिरणीवर धान्य भरडून कोणाच्या तळव्यांना फोड आले? गरम पाण्यात भिजवलेल्या धान्याचा पारा सहासष्ट अंशांवरून हलू नये म्हणून, ते ठेवलेल्या सहलीच्या थंडपेटीला आजोबांचा ओव्हरकोट गुंडाळून दीड तास तिच्यावर बसून कोण राहिलं? आणि जव! दोनदा कोळसा झाले, स्वयंपाकघर धुराने भरलं, आईने पडदे काढून तिच्या अंगावर फेकले. तिसऱ्यांदा ती ओव्हनसमोर मांडी घालून बसली आणि दर पाच मिनिटांनी ढवळत राहिली. दाणा काळ्या कॉफीसारखा झाला, तोडल्यावर आतूनही तसाच. तेव्हा बाबा कुठे होते? टीव्हीवर हर्लिंगचा सामना बघत. "कसला जळका वास येतोय गं?" एवढंच त्यांचं योगदान.

आता बाबा हसत होते. "काय प्रश्न विचारते बघा! अगं, मोड आणलेलेच. मस्त मोड आणायचे, वाळवायचे आणि काळेकुट्ट होईस्तोवर भाजायचे."

सभागृहात कोणीतरी "आं?" केलं.

परीक्षकांच्या टेबलामागे नेल बसली होती. वय एक्याऐंशी, गावातल्या निम्म्या लोकांना स्टाउट करायला तिनेच शिकवलेलं. तिने ग्लास उचलला, एक घोट घेतला, मिटक्या मारल्या.

"डोनका, मग ही कोरडी, कडसर चव आली कुठून रे? मोडाच्या दाण्याला अशी चव येत नाही. हे बिनमोडाचे जव आहेत. आणि भाजताना कोणीतरी त्यांच्यापुढून हललेलं नाहीये."

"मोड काय नि बिनमोड काय, नेलकाकू! सगळं एकाच पोत्यातलं."

आता मात्र सगळं सभागृह फिदीफिदी हसायला लागलं. ही चूक त्या गावात शाळेतलं पोरही करणार नाही. नेल मात्र हसली नाही. तिने मान वळवून मिरनकडे पाहिलं. "पोहे किती घातलेस गं?"

"एकूण धान्याचा पाचवा हिस्सा," मिरनच्या तोंडून निघून गेलं. "जवाचेच. फेस टिकावा म्हणून."

"हं," नेल म्हणाली. बस, एवढंच.

गाडीत कप मागच्या सीटवर मिरनच्या शेजारी होता आणि बाबांची मान लालभडक झाली होती.

"चार माणसांत नाक कापलंस माझं!"

"मी प्रश्न विचारला. उत्तर तुम्ही दिलंत."

"फॉर्म माझ्या नावाने का भरला, माहितीये ना? अठरा पूर्ण लागतात. तुझ्यासाठीच भरला मी!"

"फॉर्मचं मला काहीच नाही हो! माईकचं सांगा. 'आमच्या मिरनने केली', तीन शब्द! त्याला कुठला नियम आड आला?"

बाबांनी उगाच गिअर बदलला.

आई असम्प्टा पुढून वळली. "जाऊ दे ना, राणी. कप घरातच आला की नाही? कपाटात ठेवू, छान दिसेल."

मिरनला वाटलं, आता आपण फुटणार. बाबांपेक्षा हा 'जाऊ दे'च तिला जास्त झोंबला. तीन महिने आई त्याच स्वयंपाकघरात होती. तिला सगळं ठाऊक होतं आणि टाळ्या वाजवताना तीही बाबांकडेच बघत होती.

गाडी अंगणात थांबली. मिरन कप घेऊन सरळ शेडमध्ये गेली. वीस लिटरचं पातेलं, हातगिरणी, थंडपेटी, उरलेल्या काळ्या जवांची बरणी असं सगळं तिने ढकलगाडीत चढवलं. आदळआपट ऐकून दोघं दारात आले.

"हे काय चाललंय?" बाबा म्हणाले.

तिने कप त्यांच्या हातात दिला. आत तिने ओंजळभर कच्चे, न भाजलेले जव घातले होते.

"यांना मोड आणा आणि काळेकुट्ट भाजा. पुढच्या वर्षी लागतील तुम्हाला." तिने ढकलगाडीच्या दांड्या उचलल्या. "मी आजपासून नेलकाकूंच्या शेडमध्ये स्टाउट करणार. काकूंना अजून विचारलं नाहीये, पण त्या हो म्हणतील. ऑक्टोबरात मला अठरा पूर्ण होतील, हिवाळी मेळ्याचा फॉर्म मीच भरणार, माझ्या नावाने. आणि या घरातली एकही बाटली मी आता धुणार नाही."