एक वाक्य राहून गेलेला भोंगा

मित्रांनो, मी एक जुना, हातात धरून बोलायचा भोंगा आहे. रंग पिवळा पडला आहे, कडेला काळी चिकटपट्टी आहे आणि बटण दोनदा दाबल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. कारखान्यात तपासनिसाने मला पहिले शब्द दिले, "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन." तेव्हा वाटले, आपण केवढे विद्वान! पुढे कळले, की दुसऱ्याचे बोलणे मोठे करणे, एवढेच माझ्या हाती आहे.

मला ताईंनी विकत घेतले. त्या शिवणकाम करायच्या आणि उरलेला वेळ वस्तीला द्यायच्या. "घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजते," असे त्यांचा भाऊ चिडवायचा, पण माझे सेल तोच बदलायचा. सभेत ताई दोन वाक्ये बोलून मला दुसऱ्याच्या हाती द्यायच्या. "ज्याचं दुखणं, त्यानंच सांगावं," असा त्यांचा नेम होता. लोक आधी लाजायचे, मग मला सोडायचेच नाहीत. अशाने वस्तीत नळ आले, जिन्यांत दिवे लागले. तेव्हा मी कपाटात मऊ फडक्यात झोपायचो.

मग वस्तीतला एकुलता एक दवाखाना बंद करायचे ठरले. अर्ज देऊन देऊन ताईंच्या चपला झिजल्या. शेवटी त्या स्वतःच विधानसभेला उभ्या राहिल्या.

प्रचारात त्या म्हणायच्या, "दवाखाना वाचलाच पाहिजे!" आणि सवयीने मला पुढच्या आजींच्या हाती द्यायच्या. भाऊ कासावीस व्हायचा. "अगं, मी उभी आहे, मला मत द्या, असं म्हण की!"

"स्वतःसाठी कसं मागू रे? जीभच रेटत नाही. लोकांना कळतं सगळं."

ते एक वाक्य मीच ओरडलो असतो! पण मित्रांनो, भोंग्याला कुठला आला घसा?

शेवटच्या दिवशी पाचला प्रचार थांबायचा होता. आजी बोलल्या, सुतार बोलला, त्याची सासू तर थांबेचना. पाचला दोन मिनिटे उरली, तेव्हा मी ताईंच्या हाती आलो. त्यांनी बटण दोनदा दाबले. मी जीव मुठीत धरून वाट पाहू लागलो.

"सगळ्यांनी मतदानाला नक्की या," ताई म्हणाल्या आणि बटण सोडले.

ताई पडल्या. निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्याच आजी उसवलेली पिशवी घेऊन आल्या आणि हळहळून म्हणाल्या, "ताई, तुमचा माणूस पडला म्हणे. तुम्ही एवढ्या फिरलात त्याच्यासाठी! कोण होता हो तो?"

ताईंना सगळी वस्ती ताईच म्हणायची. मतपत्रिकेवर तसे नाव कुठून असणार? ताईंनी पिशवी शिवायला घेतली. सुईत दोरा ओवायला त्यांना फार वेळ लागला.

महिन्याभराने दवाखान्याला कुलूप लागले. माझे सेल आतल्या आत पाझरले आणि मी कपाटावर धूळ खात पडलो.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना पुसून ठेवा, सेल काढून ठेवा. आणि तुमच्यासाठी जो घसा कोरडा करतो, त्याला एकदा त्याचे नाव विचारा. ताईंचे नाव मला ठाऊक आहे. पण तुम्ही बटण कितीही दाबले, तरी मला ते सांगता येणार नाही.