जाईबाईंची जीभ पुन्हा गिळायला शिकली

मित्रांनो, मी एक जुनी जीभ आहे. माझे वय अडुसष्ट वर्षे. घोडपदेवच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या जाईबाईंच्या तोंडात माझा मुक्काम आहे.

जिभेला हाड नसते, असे लोक म्हणतात ते बहुतेक वेळा आम्हाला नावे ठेवण्यासाठीच. पण हाड नाही म्हणूनच मला लांब होता येते, आखूड होता येते, पन्हळीसारखे वळता येते. स्नायूंच्या आठ जोड्या एकमेकींत गुंफून मी घडले. काही स्नायू माझ्याच आत आहेत. काहींनी जबड्याला, तर काहींनी हनुवटीच्या खाली असलेल्या, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या एका हाडाला धरून ठेवले आहे. गिळणे मला कुणी शिकवले नाही. जाईबाई आईच्या पोटात होत्या तेव्हाच माझा सराव सुरू झाला होता.

जाईबाई लग्न होऊन देवगडहून मुंबईत आल्या. त्यांचे यजमान गुणाजी कापड गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवत. गिरणी बंद पडली तेव्हा जाईबाई पदर खोचून लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत कामाला लागल्या. मिरच्या निवडायच्या, धणे-खसखस भाजायची. मसाला कांडून झाला की दुकानाचे मालक दौलतशेठ चिमूटभर मसाला त्यांच्या हातावर ठेवत.

"जाईबाई, बघा तर जरा."

"धणे जास्त भाजलेत, शेठ."

"झालं तर मग! जिभेने सांगितलं म्हणजे विषयच संपला."

तीस वर्षे असे कौतुक ऐकून मी चांगलीच फुगले होते. चव सांगणे हेच माझे मोठे काम, असे मला वाटू लागले होते. माझे खरे कष्ट मात्र कुणालाच दिसत नव्हते. दाढा चावतात हे खरे, पण घास आपणहून दाढांखाली थांबत नाही. मी तो पुन्हा पुन्हा तिकडे सारते. गालात अडकलेला कण शोधून आणते. बांगड्याचा काटा हळूच बाजूला काढते. मग लाळेत कालवून त्याचा गोळा करते, टोक टाळूला टेकवते आणि गोळा मागे रेटते.

तिथून पुढे घशातले माझे सोबती काम हाती घेतात. मऊ टाळू वर उचलला जातो आणि नाकाची वाट बंद होते. स्वरयंत्र वर आणि पुढे सरकते, त्याच्यावरचे झाकण वाकते, श्वास क्षणभर थांबतो. अन्ननलिकेचे तोंड उघडते आणि घास खाली उतरतो. घशातला हा सगळा कारभार एका सेकंदाच्या आत उरकतो. एवढे करणाऱ्यांचे मी कधी साधे आभारही मानले नव्हते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गणपती आठवड्यावर आले होते. दुपारी तांदूळ निवडता निवडता जाईबाई एका अंगावर कलंडल्या. तोंड वाकडे झाले. गुणाजी घाबरले. शेजारच्या कौसल्याबाई टॅक्सी आणायला धावल्या, आणि तोवर गुणाजींनी बायकोचे डोके मांडीवर घेऊन तिला पाणी पाजले.

"पी गो, जाई. घोटभर पी."

मित्रांनो, मी त्या पाण्याला अडवू शकले नाही. मला काही जखम झाली नव्हती. मला हुकूम देणाऱ्या मेंदूच्या भागात रक्ताची गुठळी अडकली होती. माझी डावी बाजू ओल्या फडक्यासारखी पडून राहिली. घशाचे झाकण उशिरा हलले आणि ते पाणी श्वासनलिकेत उतरले. साधा ठसकासुद्धा लागला नाही.

परळच्या एका इस्पितळात जाईबाईंवर उपचार सुरू झाले. तिसऱ्या दिवशी ताप चढला. छातीत न्यूमोनिया झाला होता. डॉक्टरांनी गुणाजींना समजावले, "काका, अशा वेळी तोंडाने काही द्यायचं नसतं. पाणीसुद्धा नाही."

गुणाजी उठून बाहेर गेले. संध्याकाळपर्यंत ते बाकावरून उठले नाहीत.

जाईबाई वाचल्या. पण अन्न आता नाकातल्या नळीने पोटात जाऊ लागले. मी कोरडी पडले. ना घास, ना चव, ना काम. डॉक्टर म्हणाले, "सहा आठवडे बघू. गिळणं सुधारलं नाही, तर पोटातच नळी बसवावी लागेल."

मग आकांक्षा नावाची मुलगी आली. गिळण्याचे व्यायाम शिकवणे हेच तिचे काम होते. तिने लाकडी पट्टी माझ्यासमोर धरली.

"आजी, जीभ हातापायांसारखीच असते. चालवली नाही तर सुकते. ढकला ही पट्टी."

मी ढकलली. पट्टी तसूभरही हलली नाही. टाळूला टेकून राहायचे, तर दोन अंक मोजेपर्यंत मी घसरले. चार दिवसांनी जाईबाईंनी तोंड फिरवले. बोबड्या आवाजात म्हणाल्या, "माका नको ह्या. नळी ऱ्हवांदे."

आकांक्षा निघून गेल्यावर गुणाजींनी स्टूल पलंगाजवळ ओढले.

"जाई, त्या दिवशी पाणी मीच पाजलंय तुका. ताच छातीत गेला."

एवढे बोलून त्यांनी मान खाली घातली. जाईबाईंनी तोंड पुन्हा त्यांच्याकडे वळवले. मग उजवा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवून म्हणाल्या, "तहान लागली म्हणान पाजलात. तुमका खय म्हायत होता?"

गुणाजींनी डोळे पुसले आणि एकदम स्वतःची जीभ बाहेर काढली. "चल. तू काढ, मी पण काढतंय."

सत्तरी ओलांडलेला तो माणूस रोज तीन वेळा बायकोसमोर बसून जीभ टाळूला दाबायचा, गालात फिरवायचा, बोटांवर आकडे मोजायचा. औषधे द्यायला आलेल्या सिस्टरला हसू आवरेना. जाईबाईही हसल्या, आणि त्या हसण्यात माझा डावा कोपरा किंचित हलला. दोन अंकांचे पाच झाले, पाचाचे दहा.

सहाव्या आठवड्यात चाचणी झाली. एक्स-रे मशीनपुढे बसवून जाईबाईंना, पडद्यावर घास दिसावा म्हणून पांढरी पावडर कालवलेली, घट्ट पेज दिली. पडद्यावर आकांक्षा बघत होती. पहिला चमचा आला. मी तो गोळा केला आणि मागे रेटला, पण अर्धा घशातच रेंगाळला.

"घाबरू नका, आजी. हनुवटी छातीकडे. आता सगळा जोर लावून पुन्हा गिळा."

मी टाळूला घट्ट भिडले. झाकण वाकले. स्वरयंत्र जड बादलीसारखे वर आले, आणि उरलेली पेज अन्ननलिकेत उतरली. दुसरा चमचा गेला. तिसराही गेला. छातीकडे थेंबसुद्धा वळला नाही.

"आजी, नळी काढायची!" आकांक्षा जवळजवळ ओरडलीच.

त्या दिवशी मऊ भातात कालवलेल्या मुगाच्या वरणाची चव घेताना मला माझ्या घशातल्या सोबत्यांचे, त्या मुलीचे आणि गुणाजींचे कसे आभार मानावेत तेच कळेना. वरणात मीठ थोडे कमी होते. पण त्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही.

सगळेच पूर्वीसारखे झाले असे नाही. चहा श्वासनलिकेत घसरू नये म्हणून खास पावडरीने दाट करावा लागतो. पापड, चिवडा बंद. वाटीभर भाताला पाऊण तास लागतो.

गेल्या महिन्यात चाळीत सत्यनारायणाची पूजा होती. गॅलरीत पंगत बसली. बघता बघता सगळे जेवून उठले, पण जाईबाईंचे ताट अर्धेच झाले होते. ताटे गोळा करणाऱ्या मुली जवळ आल्या तशी जाईबाई लाजून हात धुवायला उठू लागल्या. गुणाजींनी त्यांना बसवले.

"थांबा गो पोरींनो. ती जेवता अजून."

ते पाहून हात धुवून आलेल्या कौसल्याबाई परत येऊन जाईबाईंशेजारी बसल्या. हळूहळू आणखी चारजणी बसल्या. मी आपली एकेक घास नीट गोळा करून मागे रेटत राहिले.

मित्रांनो, घास नीट चावा, तोंडात घास असताना बोलू नका. आणि तुमच्या शेजारी कुणी हळूहळू जेवत असेल, तर त्याचे जेवण होईपर्यंत पंगतीतून उठू नका.