पाचवं खेळणं

खेळण्याचं तोंड कोरडं होतं. अस्मिताने ते खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं आणि करंगळी आत घालून फिरवली. रबराच्या खाचांत दाण्यांची बारीक पूड होती, पिठासारखी सुटी. कुत्र्याची जीभ आत गेली असती, तर ती पूड लाळेत भिजून चिकटून बसली असती. सकाळी सात वाजता तिने कुत्रीच्या खाण्याचे तीस ग्रॅम दाणे मोजून त्यात भरले होते. आता सव्वाआठ झाले होते. खेळणं रिकामं होतं आणि आत ओल अजिबात नव्हती.

भुरी स्वयंपाकघराच्या दारात पायपुसण्यावर पडून होती. तिने नुसते डोळे वर केले.

"आई, सकाळी भुरीजवळ कोण होतं?"

"मीच. दुसरं आहे कोण इथे?" सासूबाई, लीलाबाई, पापडीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तिने खाल्लं?"

"रिकामं आहे ना? मग खाल्लंच असेल. कुत्रीची परीक्षा आणि आमच्या बाईंचं पेपर तपासणं, संपतच नाही. लिही वहीत आणि नीघ कॉलेजला. मोडुं थशे, उशीर होईल."

अस्मिता निघाली नाही.

आठ वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याने, सलीलने, भुरीला अकोट्याच्या पुलाजवळून उचलून आणलं, तेव्हा ती ताटली अर्ध्या मिनिटात साफ करायची आणि सगळं ओकायची. तिने सावकाश खावं म्हणून पहिलं खेळणं सलीलनेच आणलं. भोकांचा चेंडू, ढकलला की एकेक दाणा पडायचा. सलील जाऊन दोन वर्षं झाली. या वैशाखात भुरीच्या पोटात गाठ निघाली, कापून काढण्यापलीकडची. सलीलचा मित्र उन्मेष जनावरांचा डॉक्टर. तो म्हणाला होता, "वहिनी, ती आपणहून, आवडीने खातेय तोवर थांबू. खाणं सोडलं की मला कळवा. मग तिचे हाल ओढत न्यायचे नाहीत, इंजेक्शनने तिला सोडवू."

पुढच्याच महिन्यात चेंडूत दाणे उरू लागले. चेंडू अवघड जातोय, असं अस्मिताने ठरवलं. तिने सरकत्या झाकणांची पाटी आणली. मग घड्यांची चटई, मग डुलणारा डबा. प्रत्येक वेळी किती दाणे घातले, किती उरले, किती मिनिटं लागली, हे ती वहीत लिहायची आणि आणखी सोपं खेळणं शोधायची. पाचवं होतं हे, रुंद तोंडाचं, पोकळ, दुधी रबराचं. त्यात सकाळ-संध्याकाळ तीस-तीस ग्रॅम घालूनही पहिल्या दिवसापासून एकही दाणा उरला नव्हता. सोळा दिवस. "आई, सापडलं," ती म्हणाली होती.

तिने वजनकाटा बाहेर ओढला, भुरीला उचलून घेतलं आणि वर उभी राहिली. मग भुरीला खाली ठेवून एकटी उभी राहिली. वजाबाकी साडेबारा किलो आली. सोळा दिवसांपूर्वी चौदा किलो दोनशे होती. जे आत जातं ते कुठेतरी दिसायलाच हवं, असं ती चोवीस वर्षं बायोकेमिस्ट्रीच्या वर्गात सांगत आली होती.

लीलाबाईंचे हात थांबले होते. गुडघ्यावर हात रेटून त्या उठल्या. तांदळाच्या पिंपामागून त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि ओट्यावर ठेवला.

"टाकवेना," त्या म्हणाल्या. "अन्न आहे."

अस्मिताने डब्यातले दाणे स्वयंपाकघरातल्या लहान काट्यावर ओतले. आठशे चौऱ्याऐंशी ग्रॅम. घातले होते नऊशे साठ. सोळा दिवसांत भुरीने फार तर शहात्तर ग्रॅम खाल्ले होते.

"कशाने काढलेत?"

"क्रोशाच्या सुईने. पहिल्या दिवशी सुईच अडकली आत. मेलं कुत्र्यासाठी केलंय की म्हाताऱ्यांसाठी!"

अस्मिता हसली नाही. "का, आई?"

लीलाबाई पदराने ओटा पुसू लागल्या. ओटा स्वच्छच होता. "तू आंघोळीला गेली होतीस. ती आली, नाक लावलं आणि फिरली माघारी. चार खेळण्यांचे उरलेले दाणे वहीत लिहिताना बघितलं होतं मी तुला. म्हटलं, आजचा दिवस जाऊ दे. तर त्या दिवशी तू तिसरी पोळी मागून घेतलीस. मग दुसऱ्या दिवशी कसं सांगायचं?"

"मग ती जगली कशावर?"

"दहीभात. तू गेलीस की बोटाला लावून चाटवत होते."

"अजून चाटते?"

लीलाबाईंनी पापडीची एक शेंग उचलली, दोरा काढला, तीच शेंग परत परातीत टाकली.

"परवापासून नाही."

अस्मिताने पातेल्यातला गार भात ताटलीत घेतला, दही कालवलं आणि ताटली भुरीच्या तोंडापुढे जमिनीवर ठेवली. झाकण नाही, भोक नाही, ढकलायचं काही नाही. पाचही खेळणी तिने एकमेकांशी ताडून पाहिली होती. उघड्या ताटलीशी एकही नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीने असा प्रयोग मांडला असता, तर तिने तो अर्ध्यावर थांबवला असता. सुचलं नव्हतं, असं तिला स्वतःशीही म्हणता येईना.

भुरीने ताटलीकडे पाहिलं. शेपूट एकदा जमिनीवर आपटलं, उपकार मानल्यासारखं, आणि तिने तोंड भिंतीकडे वळवलं.

अस्मिताने ताटली उचलून ओट्यावर ठेवली. खालच्या रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. मग अस्मिताने फोन लावला.

"बोला वहिनी," उन्मेष म्हणाला. "खातेय ना?"

"वजन साडेबारा आहे. सोळा दिवसांत एक किलो सातशे ग्रॅम उतरलं. दाणे घातले नऊशे साठ, त्यातले..."

"वहिनी," तो हळू आवाजात म्हणाला, "आकडे राहू द्या."

तिने तळहात भुरीच्या बरगड्यांवर ठेवला. लीलाबाई तिच्याकडे बघत होत्या. त्यांनी एकदाच होकाराची मान हलवली.

"आज घरी या, उन्मेष," अस्मिता म्हणाली. "तिला सोडवायचंय."