नोंदी काढण्यासाठी

ऑफिसातल्या मॅडमचा फोन आला तेव्हा ती लेकीला भरवत होती.

"अगं, त्या फर्निचरवाल्यांकडे गोंधळ झालाय. प्लायवुडवाल्याच्या सगळ्या नोंदी उडाल्या. बॅकअपवरून परत आणल्यात आपण, पण मालक भडकलाय. त्यांच्या हिशेबनीस काकूंनीच आपल्या एआय मदतनीसाला सांगितलं, 'नोंदी काढ'. मग त्यानं काढल्या! आपली काही चूक नाही. तू जरा गोड बोलून काकूंना समजाव, मदतनीसाला कसं सांगायचं ते."

चमचा हातातच राहिला आणि लेकीने तोंडातला घास तिच्या बाहीला पुसला.

तिच्या कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये हा मदतनीस बसवलेला होता. त्याच्या हाताशी बरीच टूल्स होती: एक नोंदी दाखवणारं, एक बिल बनवणारं, एक नोंदी कायमच्या पुसणारं. प्रत्येकाखाली ते काय करतं याची एक ओळ असायची. ती ओळ वाचूनच तो कुठलं टूल उचलायचं ते ठरवायचा, आणि त्या ओळी लिहिणं हेच तिचं काम होतं. पुसणाऱ्या टूलखाली तिने लिहिलं होतं, 'दिलेल्या नावाच्या नोंदी काढण्यासाठी.' 'पुसण्यासाठी' तिला फळा पुसल्यासारखं, पोरकट वाटलं होतं. ते लिहिलं त्या दिवशी लेकीला ताप होता, पाळणाघरातून दोनदा बोलावणं आलं होतं. ओळ पुन्हा वाचायची राहून गेली.

काकूंनी पहिल्या रिंगलाच फोन उचलला.

"माझंच चुकलं गं बाई. वय झालं आता. पण आम्ही असंच बोलतो ना! 'फाइल काढ' म्हणजे समोर आणून ठेव. घरी पाहुणे आले की सुनेला म्हणते, 'चांगले कप काढ,' तर ती काय कचऱ्यात टाकते होय?" काकू स्वतःच हसल्या. मग आवाज उतरला. "मालक म्हणाले, या महिन्यानंतर येऊ नका. इतकी वर्षं एक आकडा इकडचा तिकडे झाला नाही माझ्या हातून. तुम्हाला पण त्रास झाला. माफ कर हं."

"नाही हो, काकू, त्रास कसला," ती म्हणाली. पुढचं ओठांवर आलं होतं, पण तोंड उघडवेना. नोकरीत परतून तिला फार दिवस झाले नव्हते. मॅडम अजून तिच्याकडे 'बघू किती टिकते' अशा नजरेने बघत. ती भलतंच बोलून गेली, "पुढच्या वेळी 'दाखव' म्हणा."

"'दाखव'," काकू शहाण्या विद्यार्थिनीसारख्या म्हणाल्या. "लिहून ठेवते."

फोन ठेवल्याबरोबर तिने ओळ बदलली. 'नोंदी कायमच्या पुसण्यासाठी. नुसत्या बघायच्या असतील तर हे वापरू नये. कोणी "काढ" म्हटलं तर आधी "दाखव" असा अर्थ घ्यावा. पुसण्यापूर्वी होकार घ्यावा.' किती सोपं होतं! आता तसं पुन्हा घडणार नव्हतं आणि कुणाला काही कळणारही नव्हतं. याच विचाराने तिला जास्त कसंतरी झालं.

नवरा दुपारी जेवायला घरी आला. तिने त्याला सगळं सांगितलं.

"दुरुस्त केलंस ना? मग कशाला उकरून काढतेस? घराचा हप्ता कोण भरणार?"

"त्या बाईंच्या डोक्यावर खापर फुटलंय."

"तू फोडलंस का?"

"हो," ती म्हणाली. तो जेवायचा थांबला.

तिने मॅडमना मेल केली: जुनी ओळ, नवी ओळ आणि खाली, 'ही चूक माझी.' पाठवून झाल्यावर उत्तराची वाट न बघता फर्निचरवाल्यांना फोन लावला. मालकाने गुरगुरतच ऐकून घेतलं. तिने 'काढणे'चे दोन्ही अर्थ दोनदा सांगितले. शेवटी तो म्हणाला, "म्हणजे काकू साधं मराठी बोलल्या, एवढाच गुन्हा? हे तुमच्या कंपनीकडून लेखी पाठवा. मग बघतो." थोडं थांबून, जरा नरमून म्हणाला, "जाणार नाहीत त्या कुठे. घ्या, बोला त्यांच्याशी."

तिचा जीव भांड्यात पडला. काकू आता रडतील, नाहीतर आशीर्वाद देतील, असं तिला वाटलं.

"मालक बोलत होते ते ऐकलं मी," काकू म्हणाल्या. आवाज अगदी कोरडा होता. "म्हणजे सकाळी मी माफी मागत होते तेव्हा तुला ठाऊक होतं?"

लेक मांडीवर चुळबुळ करत होती. तिने तिला घट्ट धरलं.

"हो, काकू."

"आणि तू मला 'दाखव' म्हणायला शिकवत होतीस."

पलीकडून कुणीतरी काकूंना हाक मारली. काकूंनी "आले" म्हणून ओ दिली आणि फोन ठेवला.