राजाची शिंक

बोकडाच्या दाढीचा एक केस – एकच, पण हटवादी – मुखवट्याच्या आतल्या कापडातून सुटून फेडिमोसच्या नाकपुडीशी खेळत होता, आणि हात वर नेऊन तो उपटायची सोय नव्हती. कारण या घटकेला फेडिमोस नाटकातला राजा होता, आणि राजे सगळ्या अथेन्सदेखत नाकात बोट घालत नाहीत.

समोर, पुजाऱ्याच्या शेजारी, मद्याचा आणि नाटकांचा देव डायोनिसस, त्याची लाकडी मूर्ती आणून बसवलेली. दरसाल येतो हा, आपल्याच उत्सवात आपलीच निंदा ऐकायला... गाल बघा कसे फुगलेत. माझा काळा बोकड खाऊन फुगलेत. गेल्या वर्षी नवस बोललो, बोकड कापला, आणि उत्तम नटाचा मुकुट कुणाला – त्या बोबड्या लाम्पोनला! तेव्हापासून फेडिमोसने देवाशी अबोला धरला होता. प्यायच्या आधी देवासाठी दोन थेंब जमिनीवर सांडायचे, तेही बंद. आज सकाळीच त्याची बायको निकारेटे म्हणाली होती, "अहो, आज तरी सांडा. त्याच्याच दारात त्याला शिव्या द्यायला निघालात." त्याने पेला तळापर्यंत रिकामा केला, तशी ती शांतपणे आपल्या पेल्यातले चार थेंब सांडून मोकळी झाली – नवऱ्याच्या वाटचे धरून.

वाक्य जवळ येत होतं. ‘हा देव नाही.’ कवीने ते डायोनिससला न मानणाऱ्या राजासाठी लिहिलं होतं, आणि शेवटी राजाची खांडोळी होणार होती, त्यामुळे कुणाची हरकत नव्हती. पण फेडिमोसला ते स्वतःच्या वतीने म्हणायचं होतं. चारचौघांत, तोंडावर, आणि वर मुखवट्याआड सुरक्षित... वर्षभर तो याच एका वाक्यावर जगला होता.

"हा देव नाही," तो गरजला – आणि शिंकला.

मुखवट्याचं तोंड कर्ण्यासारखं. शिंक टेकडीवर बसलेल्या प्रेक्षकांच्या अगदी वरच्या बाकांपर्यंत गेली. आणि आमच्या अथेन्सात तर बोलण्यावर शिंक आली की ते बोलणं देवांनी खरं ठरवलं असं धरतात. नाचत गाणाऱ्या कोरसचे पाय थबकले. पुजाऱ्याने मूर्तीकडे पाहिलं, मग घाईने आकाशाकडे. त्या शांततेत वरून कुणीतरी म्हातारा, कांदा चावत, शेजाऱ्याला समजावत म्हणाला, "देवच म्हणतोय मी देव नाही, तर मग आपण कशाला मध्ये पडा?"

सगळी टेकडी हसली. नटाचा मुकुट यंदाही गेला – हे फेडिमोसला लगेच कळलं. नवल म्हणजे, त्याचं काही वाटेना. वाटत होतं ते भलतंच: वर्षभर दात-ओठ खाऊन ज्याच्याशी भांडायला आलो, तो उठून आपल्याच बाजूने साक्ष देऊन बसला... आता भांडायचं कुणाशी? ‘मी देव नाही’, हेही यानेच सांगायचं? आणि सांगायला हा असायला तर हवा – थांब, थांब, हा कुठला न्याय...

"असलास तर असल्यासारखा वाग की रे," तो मुखवट्याच्या आत पुटपुटला. वर्षभरात देवाशी बोललेलं पहिलं वाक्य. हे त्याला बोलून झाल्यावर कळलं, आणि तो स्वतःवरच चिडला.

कोरस खोळंबला होता. पुढचं वाक्य राजाचंच, देवाचं सोंग घेतलेल्या नटाकडे बोट करून: ‘बांधा त्याला.’ ते कडाडून म्हणायचं असतं. त्याने ते म्हटलं, पण आवाज कुठूनसा वेगळाच निघाला – लग्नघरात दारू चढलेल्या मेव्हण्याला, पडशील बरं का, असं म्हणत घरी न्यावं, तसा.