वसीलाच्या कामाचा कागद

मी कागद आहे, आणि तोसुद्धा कपाटातला. अकरा वर्षं मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं तेव्हा माझ्यामुळे एका भल्या बाईचा चारचौघांत अपमान झाला. तेव्हा आधी माझं ऐकून घ्या, मग काय नावं ठेवायची ती ठेवा.

माझा जन्म स्फाक्स शहराजवळच्या एका जैतूनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या तेलाच्या घाण्यावर झाला. मालक सी हामादी ('सी' म्हणजे आमच्याकडचं 'श्री') पुदिन्याचा चहा पीत पीत सांगत होते आणि कारकून लिहीत होता. 'नाव: वसीला. काम: बाटल्यांना लेबलं लावणे, खोकी बांधणे, सांगितल्यास इतर कामे.' खाली शिक्का. झालं, पाच मिनिटांत मी तयार! एवढ्या घाईत कुणी भाजीसुद्धा चिरत नाही.

मला कचेरीतल्या कपाटात ठेवलं. त्याचं दार धड लागत नाही, म्हणून घाण्यावरचं सगळं मला ऐकू येतं आणि फटीतून थोडंफार दिसतंही.

माझ्या त्या 'इतर कामे' ओळीचं पोट भलतंच मोठं निघालं. दुसऱ्याच हंगामात वसीला लेबलं लावता लावता थांबली आणि म्हणाली, "हे तेल कुबट आहे. याला आपलं नाव चिकटवू नका." सगळे हसले. घाण्यावरचे सगळ्यात जुने कामगार अम तिजानी, म्हणजे सगळ्यांचेच काका, त्यांनी बोट बुडवून चाटलं आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. "पोरीचं नाक आहे की काय आहे!"

त्या दिवसापासून तेल चाखायचं काम तिच्याकडे आलं. कुणाचं तेल मोठ्या टाकीत जाईल आणि कुणाचं बाजूला राहील, हे ती ठरवायची. पेला तळहातात धरून ऊब द्यायची, वरून दुसऱ्या हाताने झाकायची, हुंगायची, घोटभर तोंडात घोळवायची. शेतकरी तिच्या चेहऱ्याकडे परीक्षेच्या निकालासारखे बघत उभे राहायचे. हे सगळं 'इतर कामे'!

त्यापायी तिने सोडलं काय, तर हरीसा. आमच्याकडे लाल मिरचीच्या त्या ठेच्याशिवाय न्याहारी म्हणजे न्याहारीच नव्हे. पण हंगामाचे तीन महिने वसीला त्याला शिवत नसे, अत्तर लावत नसे, कॉफीसुद्धा दुपारनंतर. अम तिजानी रोज चिडवायचे, "कोरडा पाव खातेस? तुला काय नवस फेडायचाय?" ती हसून म्हणायची, "जीभ भाजली तर तुमच्या तेलाचं काय करू, अम तिजानी?"

मग गेल्या हंगामात तो मोन्सेफ आला, सी हामादींचा आतेभाऊ. जैतून आठ दिवस प्लास्टिकच्या पोत्यांत दडपून ठेवलेलं. तेल निघालं, वसीलाने हुंगलं आणि पेला खाली ठेवला.

"हे मोठ्या टाकीत नाही चालणार. उबलंय, आंबूस वास येतोय."

"तू कोण मला सांगणारी?" मोन्सेफ भडकला. "हामादी, हिचं काम काय आहे रे इथे? काढ बघू कागद!"

आणि माझं दुर्दैव, सी हामादींनी मला काढलं. मोन्सेफने माझ्यावर बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "बाटल्यांना लेबलं लावणे!" पंधरा-वीस शेतकरी हसले. वसीलाचा चेहरा उतरला. मला वाटलं, फाटून जावं तर बरं. सी हामादी नातेवाइकापुढे नरमले आणि ते तेल टाकीत गेलं.

आठवड्याने अख्खी टाकी कुबट झाली. घेणाऱ्याने माल परत पाठवला. तेव्हा सी हामादी फोनवर काय बोलले असतील? "आमच्याकडे वसीला चाखते, तिची चूक झाली असेल." वाहवा! निकाल लावायचा हक्क नाही, पण खापर फोडायला डोकं तिचंच.

वसीलाने ते दारातून ऐकलं. ती सरळ आत आली.

"सी हामादी, माझा कागद बदला. मी जे करते ते त्यात लिहा."

"कागदाचं काय घेऊन बसलीस! तू मला धाकट्या बहिणीसारखी. पगार हवाय का वाढवून?"

"पगाराचं मागाहून बोलू. बहिणीला कागद लागत नाही, खरंय. पण बहिणीला कुणी परक्यांसमोर कागद वाचूनही दाखवत नाही."

"बघू, हंगाम संपू दे." असं म्हणून त्यांनी मला पुन्हा आत टाकलं. 'बघू' या शब्दाचा अर्थ आम्हा कपाटातल्या कागदांना चांगला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाण्यावर अघटित घडलं. वसीलाने न्याहारीचा डबा उघडला, पावाचा तुकडा मोडला आणि हरीशाच्या वाटीत खोल बुडवला. एक घास, दुसरा, तिसरा. डोळ्यांत पाणी आलं तरी खात राहिली. अम तिजानींच्या हातातली बादली हातातच राहिली.

"अगं ए, काय करतेस? बाहेर नऊ जण तेल घेऊन उभे आहेत!"

"उभे राहू देत की. माझं काम लेबलं लावायचं," असं म्हणून तिने बाटली पुढे ओढली.

सकाळभर गोंधळ. शेतकरी पेले घेऊन इकडून तिकडे. सी हामादींनी स्वतः चाखायचा प्रयत्न केला, पण दिवसाला चाळीस सिगरेटी ओढणाऱ्याला सगळंच तेल सारखं लागणार! दुपारी ते हात टेकून कपाटाशी आले, मला घेऊन तिच्या समोर बसले.

"जेवणाची चव घालवलीस माझी. बोल, काय लिहू?"

तिने एप्रनमधून घडी घातलेला कागद काढला. दहा दिवस ती रोज काय काय करते ते टिपून ठेवत होती. सी हामादी वाचत गेले आणि मध्येच थांबले. "तू नव्या मुलींना हुंगायला शिकवतेस? कधीपासून?"

"चार हंगाम झाले."

"मला कुणी सांगितलं नाही."

अम तिजानी लांबून ओरडले, "तुम्ही विचारलंत कधी?"

सी हामादी ओशाळले. खरं सांगतो, खोटं कशाला बोलू, ते त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. त्यांनी कारकुनाला बोलावलं. या खेपेला पाच मिनिटं नाही, दोन तास लागले. तेल चाखून प्रत ठरवणे. नव्यांना शिकवणे. कारकून सवयीने 'सांगितल्यास इतर कामे' लिहायला गेला तर वसीलाने त्याचा हात धरला. "ती ओळ नको. त्याऐवजी लिहा, वसीलाने नाकारलेलं तेल मोठ्या टाकीत जाणार नाही, मग ते कुणाचंही असो."

"कुणाचंही?" सी हामादींनी विचारलं.

"कुणाचंही."

त्यांनी क्षणभर विचार केला आणि शिक्का मारला.

यंदाच्या हंगामात पाचव्या दिवशी एक गाडी आली. सी हामादींच्या स्वतःच्या बागेतलं जैतून. गाडी वाटेत बिघडून तीन दिवस उन्हात उभी होती म्हणे. तेल निघालं, मालक बाजूलाच उभे. वसीलाने पेला झाकला, हुंगला, पुन्हा हुंगला. मोन्सेफही रांगेत होता, तो मान उंच करून बघत होता.

"नाही, सी हामादी," ती म्हणाली. तिने पेला खाली ठेवला.

सी हामादींनी कपाटाकडे पाहिलंसुद्धा नाही. अम तिजानींना म्हणाले, "ऐकू आलं नाही का? बाजूच्या टाकीत ओता."

मी आता नव्या कागदाच्या खाली पडून आहे, अंगावर एक तिरकी रेघ घेऊन. माझी काही तक्रार नाही. मी खोटा नव्हतो हो, फक्त जुना झालो होतो, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तुमच्याही कचेरीत माझा एखादा भाऊ पडला असेल. कुणी तो रागाने वाचून दाखवण्याआधी तुम्हीच एकदा बाहेर काढा. आणि ज्याचं नाव त्यावर आहे, त्याला समोर बसवून विचारा, "बाबा रे, तू खरं म्हणजे काय काय करतोस?"